पातळकाकानं विस्तव विझू दिला

आमच्या गल्लीत माझ्या काकाला त्याच्या खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्याला पातळकाका म्हणतात. आता हा माणूस पातळ आहे म्हणावं, तर भट्टीसमोर उभा राहिला की मागची भट्टी दिसत नाही! पातळ असतो तो त्याचा पिझ्झा. मधोमध मऊ आणि जरासा ओला, कडेला फुगलेला, आणि त्या फुग्यावर काळे ठिपके. पिझ्झा म्हणजे एवढाच. बाकी जगात गोल, चौकोनी, जाड, खोल करून जे काही विकलं जातं ते सगळं थोतांड, असं त्याचं मत आहे आणि ते तो कुणी न विचारता सांगत असतो.

तरुणपणी काका जहाजावर भांडी घासायच्या कामाला लागला होता. जहाज नेपल्सला दुरुस्तीला थांबलं, काही केल्या हलेना, म्हणून हा गावात भटकायला उतरला. एका भट्टीसमोर जो उभा राहिला तो उभाच राहिला. जहाज गेलं, हा गेला नाही. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली पीठ मळायला शिकला, शिव्या खायला शिकला, आणि बऱ्याच वर्षांनी घरी परत आला तो डोक्यात भट्टीचा घुमट घेऊन. एकेक वीट स्वतः बसवून त्यानं ती बांधली. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोकांची मुलं परदेशातून सून घेऊन येतात, आमच्यानं चूल आणली." लग्नाचं त्याला पुढंही कधी सुचलं नाही. विचारलं की म्हणायचा, भट्टीपुढून हलायला वेळ कुणाला आहे?

उस्तादानं त्याला नियम एकच दिला होता. दुकानाचं शटर वर आहे तोवर विस्तव उतरू द्यायचा नाही. हा नियम काकानं असा काही पाळला की विचारू नका! त्याच्या उजव्या हातावर एक केस उरलेला नाही, सगळे भट्टीनं खाल्ले. मिशीची एक बाजू कायम दुसरीपेक्षा आखूड, कारण त्याच बाजूनं तो आत वाकून बघतो. लहानपणी मी दुकानाच्या पायऱ्यांवरून पडून हात मोडून घेतला, तेव्हा यानंच मला उचलून डॉक्टरकडे पळवलं. पण त्याआधी भट्टीत दोन ओंडके टाकले! मी ही गोष्ट आजवर शंभरदा त्याच्या तोंडावर मारली आहे. तो म्हणतो, "सुकी लाकडं होती, कितीसा वेळ लागला?"

मी त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. शाळेत होते तेव्हापासून या दुकानात पडीक असायची, शेवटी दुकानच माझ्या गळ्यात पडलं. ऑर्डर मी घेते, गिऱ्हाइकांशी गोड मी बोलते, आणि काका त्यांना जे बोलतो ते निस्तरतेही मीच.

निस्तरायला काही कमी नसतं, कारण आमची गल्ली बंदराला लागून आहे. देशोदेशीचे खलाशी उतरतात, पिझ्झ्याची पाटी बघतात आणि आपापल्या गावचा पिझ्झा मागतात. ब्युनोस आयरिसचा एकजण आला, त्याला ओघळणारं भरमसाट चीज हवं होतं आणि वर चक्क हरभऱ्याच्या पिठाच्या पोळीचा तुकडा ठेवून हवा होता. रोमचा एक आला, तो म्हणाला, आमच्याकडे मोठ्या पत्र्यावर भाजतात आणि कात्रीनं कापून वजनावर देतात, तुमची कात्री कुठाय? "शिंप्याकडे," काका म्हणाला. जपानवरून आलेल्यानं मेयोनीज आणि मक्याचे दाणे मागितले. शिकागोचा एक गृहस्थ हातांनी माप दाखवून सांगत होता की त्यांचा पिझ्झा इतका खोल असतो, खाली चीज, वर टोमॅटो. काकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याला पिझ्झा नाही म्हणत, विहीर म्हणतात."

कहर केला तो एका उंच स्वीडिश खलाशानं. त्याला पिझ्झ्यावर केळं हवं होतं. केळं आणि वरून करी पावडर! काकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "फळवाला समोरच्या कोपऱ्यावर बसतो," तो ओरडला, "आणि डोळ्यांचा डॉक्टर त्याच्या शेजारी!" तो बिचारा हसत हसत साधाच पिझ्झा खाऊन गेला. जहाज बंदराला लागलं की तो दर वेळी यायचा, केळं मागायचा, ओरडा खायचा आणि पिझ्झा खायचा. मला वाटतं त्याला ओरडाच आवडायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना समोरच्या बंद पडलेल्या दुकानात ट्रेवाल्या बाई आल्या.

बाई काकाहून चारदोन वर्षांनी लहान असतील. अंगानं किरकोळ, पण आवाज खणखणीत. नवरा डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात होता, तो वारल्यावर काही वर्षं त्या तिथंच बहिणीजवळ राहिल्या आणि मग इकडे परतल्या. येताना सामान काय आणलं? जाड पोलादाचे काळेभोर चौकोनी ट्रे. कारखान्यात नटबोल्ट ठेवायला असले ट्रे असायचे म्हणे, आणि तिथल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की यात पिझ्झा का लावू नये. तर तसा पिझ्झा बाई करायच्या. चांगला बोटभर जाड, आत जाळीदार, हलका. चीज पार ट्रेच्या भिंतीला भिडवलेलं, त्यामुळे कडेला त्याची तपकिरी कुरकुरीत झालर होते. टोमॅटोचा रस सगळ्यात वर, पट्टे ओढल्यासारखा. ट्रेला साबण लावायची कुणाची हिंमत नव्हती. नुसता पुसायचा, तेल पाजायचं आणि ठेवायचा.

आणि त्यांचा एक रिवाज होता, तो नीट लक्षात ठेवा. चौकोनी ट्रेला चार कोपरे. कोपऱ्याच्या तुकड्याला दोन बाजूंनी झालर, म्हणून गिऱ्हाइकं त्यावरून भांडतात. बाई दिवसाच्या पहिल्या ट्रेचे तीन कोपरे विकायच्या आणि चौथा काही केल्या विकायच्या नाहीत. कुणी कितीही गळ घालो! मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तो घरच्या माणसाचा. जिथं शिकले तिथं असंच करायचे. आमचे हे होते तेव्हा ते खायचे. आता घरचं माणूस म्हणजे मीच, म्हणून मी खाते." दुकान बंद करताना त्या खिडकीशी उभ्या राहून तो कोपरा खायच्या. आमच्या दुकानातून ते दिसायचं. मला ते बघवत नसे.

काकानं पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "पाव आहे तो. पावाला चीज लावलंय आणि मिरवतायत." पण मी त्याला ओळखून आहे. आठवडा गेला नाही तोच त्याच्या मिशीच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या. पीठ मळायचं टेबल, जे इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून होतं, ते फिरून रस्त्याकडे आलं. "उजेड बरा येतो," म्हणे. मग एक दिवस पिझ्झा काढून माझ्या हातात दिला. "समोर देऊन ये. म्हणावं, पिझ्झा कसा असतो ते बघून ठेवा."

बाईंनी तो उभ्या उभ्या फस्त केला आणि त्याच ताटलीत आपला एक तुकडा घालून परत पाठवला. मधला तुकडा, कोपरा नव्हे. "म्हणावं, हा चावायला दात लागतात. असतील तर खा." काकानं ताटली फळीवर ठेवली आणि जाहीर केलं की तो त्याला शिवणारसुद्धा नाही. मी मागं जाऊन आले तर ताटली चाटूनपुसून साफ.

"कुणी खाल्लं?"

"मांजरानं."

आमच्याकडे मांजर नाही.

शेवटी मीच तोंड उघडलं. "काका, बाई आवडतात ना तुला?"

त्यानं पिठाचा गोळा टेबलावर असा आपटला की पीठ माझ्या डोळ्यांत गेलं. "तुला कामं नाहीत का?" मग बराच वेळ मळत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "समजा आवडल्या. जाऊन काय सांगू? तुमचा पिझ्झा थोतांड आहे पण तुम्ही आवडता, असं?" मला हसू फुटलं. तो हसला नाही. "एकट्यानं जेवण घशाखाली उतरत नाही गं आता. तू संध्याकाळी घरी जातेस. मी जेवतो कुणाबरोबर? या भट्टीबरोबर." इतक्या वर्षांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच बाई जायच्या गोष्टी करायला लागल्या. डेट्रॉइटहून बहीण सारखी फोन करायची, कशाला एकटी कुढत बसतेस, परत ये. बाईंनी तिला सांगितलं होतं की एवढं एक काम होऊ दे, मग ठरवते. काम म्हणजे बंदरावरच्या खलाशांच्या विश्रांतिगृहातलं स्नेहसंमेलन. तिथं चौकोनी पिझ्झा द्यायचं ठरलं होतं, आणि तो आवडला तर दर आठवड्याला न्यायचा असा तिथल्या व्यवस्थापकांचा शब्द होता. तेवढं जमलं तर दुकान तगलं असतं आणि बाई राहिल्या असत्या. काकाला हे सगळं माहीत होतं, कारण मी त्याला रोज सकाळी ताजं वर्तमान देत होते.

संमेलनाच्या आदल्या दिवशी बाईंचा विजेचा ओव्हन बसला. धूरबीर काही नाही, नुसता गार पडला. दुरुस्तीवाल्यानं मागचा पत्रा उघडून आत बघितलं आणि हात वर केले. पार्ट बाहेरून मागवावा लागणार होता. बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"आमची भट्टी आहे की!" मी म्हटलं.

"तुमचे काका मला भट्टीजवळ उभं करतील? पाववाल्या बाईला?"

"तुम्ही चला तर खरं."

आल्या. एक ट्रे लावून घेऊन आल्या, आज भाजून बघू, जमलं तर उद्या सगळे. काकाची जी तारांबळ उडाली! अॅप्रन बदलला, बसायला खुर्ची पुसली, मग दुसऱ्यांदा पुसली. "बाई, तुम्ही काळजीच करू नका. माझी भट्टी तुमचीच समजा." आणि त्यानं राखून ठेवलेली उत्तम सुकी लाकडं काढली आणि भट्टीत रचली. नेपल्सला कुणी मान्यवर आला की उस्ताद असाच विस्तव करायचा म्हणे. ज्वाळा घुमटाला लागून पुढं वळायला लागल्या. बाई म्हणाल्यासुद्धा, "जरा जास्त होतंय का हो?" पण काका म्हणजे काका! त्याच्याजवळ देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आच, आणि ती तो हात न आखडता देत होता.

पातळ पिझ्झा त्या भट्टीत डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतो. जाड पिझ्झ्याचं काय होणार, हे पोरसोरही सांगेल. पण या माणसानं जन्मात जाड पिझ्झा भाजलाच नव्हता. ट्रे आत गेला आणि लगेच काळा धूर यायला लागला. बाहेर काढला तर खाली कोळसा, वर कोळसा, आणि मधे कच्चं पीठ. त्याहून वाईट म्हणजे ट्रेचा काळा तकतकीत थर पापुद्र्यांनी सुटून आला होता आणि खालचं करडं पोलाद उघडं पडलं होतं.

बाईंनी ट्रेवरून बोट फिरवलं. "किती वर्षं तेल पाजलं होतं याला," त्या म्हणाल्या. मग काकाकडे बघितलं. "मुद्दाम केलंत?"

जगातल्या प्रत्येक पिझ्झ्याबद्दल ज्याच्याकडे शिवी तयार असते, त्या काकाला एक शब्द सापडेना. बाई ट्रे तिथंच टाकून निघून गेल्या. मी मागोमाग धावले. त्या दारातच म्हणाल्या, "उद्या सकाळी विश्रांतिगृहात जाऊन नाही म्हणून सांगून येते. मग बहिणीला फोन करते. पुरे झालं."

मी परत आले तर काका पिठाच्या पोत्यावर बसलेला. "मुद्दाम करीन मी? मी?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्यासाठी रडूही येत होतं. दोन्ही एकदम.

आता माझ्या बटाट्यांचं सांगते. रोज सकाळी मी दुकान झाडायला लवकर येते तेव्हा विस्तव विझलेला असतो, पण विटा ऊबदार असतात. मी त्या उबेत चार बटाटे ठेवते. झाडून, पुसून, कांदे चिरून होईपर्यंत ते असे भाजतात की साल कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं मऊ. हा माझा नाश्ता, आणि त्यातले दोन काका पळवतो. त्या सकाळीही त्यानं बटाटा हातात घेतला होता, पण खात नव्हता. रात्री जाताना त्यानं बाईंचा ट्रे घासून, तेल चोळून भट्टीत ठेवला होता. सकाळी तो बाहेर काढला तर पुन्हा काळाकुळकुळीत झालेला. ट्रे मांडीवर घेऊन तो नुसता बसला होता.

मी ट्रेकडे बघितलं, बटाट्याकडे बघितलं. "काका, माझे बटाटे कधी करपलेत का रे?"

"कसे करपतील? विस्तव कुठं असतो तेव्हा?"

बोलला मात्र, आणि बटाटा तोंडाशी नेलेला हात तसाच थांबला.

"बाईंचा पिझ्झा म्हणजे माझा बटाटाच की," मी म्हटलं. "जाड आहे. त्याला हळू भाजायला हवं. विस्तव बाहेर काढायचा आणि पिझ्झा विटांच्या उबेवर सोडायचा."

"पिझ्झे त्यांना दुपारी लागणार. दुपारी विस्तव विझवू? शटर वर असताना?"

"मग शटर खाली कर."

"भर दुपारी शटर खाली? कोण मेलंय?"

माझं डोकंच फिरलं. "अजून कुणी मेलं नाही, पण बाई विमानात बसल्या की तू रोज थोडाथोडा मरशील आणि ते मला बघावं लागेल! उस्तादाचा नियम उस्तादाच्या पिझ्झ्यासाठी होता. माझा हात मोडला तेव्हा आधी ओंडके टाकलेस, आठवतंय ना? निदान आज तरी भट्टी मागं ठेव!"

त्यानं हातातला बटाटा खाली ठेवला आणि म्हणाला, "जा, थांबव त्यांना."

"मी नाही जायची. ट्रे तू जाळलास, तोंड तुझं, पाय तुझे. तूच जा."

आणि पातळकाका गेला. अॅप्रन लावलेला, काखेत ट्रे, दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हातानं थांबवत रस्ता ओलांडून गेला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच त्या बाजूला जात होता. बाई कुलूप लावून निघालेल्याच होत्या. त्यानं ट्रे पुढं केला. बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"साबण लावलात?"

"देवाशपथ नाही."

"तेल कुठलं?"

"घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं." मग एका दमात बोलून टाकलं, "बाई, मी मुद्दाम नाही केलं. मला वाटलं, मोठा विस्तव म्हणजे मोठा मान. मला दुसरं काही येत नाही हो. दुपारी या. विस्तव नसेल. विटांच्या उबेवर भाजू. तुम्ही सांगाल तसं करतो. मी गप्प बसतो."

"तुम्ही? गप्प?"

"प्रयत्न करतो," काका म्हणाला.

मी इकडून ओरडले, "बाई, विश्वास ठेवा त्याच्या शब्दावर! बटाट्यांची हमी माझी!" बटाट्यांचं त्यांना काही कळलं नाही, पण हसू आलं. त्यांनी कुलूप काढलं.

दुपारी गल्लीत बातमी पसरली की पातळकाका विस्तव विझवतोय. लोक कामं टाकून बघायला आले. रोजचा बसड्रायव्हर आपला पिझ्झा घ्यायला आला, तर काका म्हणाला, आज नाही. "अहो, बरं नाही का तुम्हाला?" त्यानं काकाच्या कपाळाला हात लावून बघितला. काकानं लांब दांडीच्या फावड्यानं निखारे ओढले आणि पत्र्याच्या डब्यात भरले. शेवटचा निखारा काढताना त्याचा हात जरा थांबला, ते मी पाहिलं. मग ओला फडका काठीला बांधून आतली फरशी पुसली. चर्र करून वाफ बाहेर आली आणि भट्टीचं लोखंडी झाकण बंद झालं. शटर मी अर्ध्यावर ओढलं.

त्यानंतर काकाला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. विस्तव नाही म्हणजे करायचं काय? मिशी ओढ, भांडं उचल, तेच खाली ठेव. बाईंनी झाकण उघडून चिमूटभर पीठ फरशीवर टाकलं. झरकन काळं पडलं. "अजून नाही." काका तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा वाट. पुन्हा चिमूट. आता पीठ सावकाश बदामी झालं.

"आता," बाई म्हणाल्या.

ट्रे आत गेले, झाकण लागलं. काकाचा हात सवयीनं झाकणाकडे गेला आणि बाईंनी त्यावर चापट मारली. "उघडायचं नाही." बाहेर शटरखालून कुणीतरी विचारलं, "झालं का?" आणि आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो, "नाही!" मग हळूहळू वास सुटला. चीज कडेला लागून खरपूस व्हायला लागलं की येतो तो. बसड्रायव्हर शटरखालून वाकून आत आला आणि म्हणाला, आज जे काही असेल ते द्या, मला चालेल.

पहिला ट्रे बाहेर आला. बाईंनी कडेनं पातं फिरवलं आणि पिझ्झा अलगद सुटून वर आला. चारी बाजूंनी झालर, कुठंही डाग नाही. विश्रांतिगृहाचे व्यवस्थापक हातगाडी आणि चार खलाशी घेऊन आलेच होते, त्यांच्यात आमचा स्वीडिशसुद्धा होता. त्यांना चव बघायला म्हणून बाईंनी तिथंच ट्रे कापला. कोपऱ्यांवरून जी धक्काबुक्की झाली! एक स्वीडिशनं पटकावला, एक बसड्रायव्हरनं, एक खुद्द व्यवस्थापकांनी. तोंड भाजत होतं तरी ते म्हणाले, "दर आठवड्याला, बाई. संमेलनाचं पुढं बघू, पण दर आठवड्याला हे पाहिजे." एवढ्यात स्वीडिशनं खिशातून केळं काढून काकापुढं धरलं. काकानं त्याच्याकडे बघितलं, केळ्याकडे बघितलं. "उद्या ये," तो म्हणाला. "घालतो. पण मी बघणार नाही." बाहेर एकच हशा झाला.

हातगाडी भरली, गर्दी तिच्यामागं गेली. आत आम्ही तिघंच उरलो. पहिल्या ट्रेमध्ये चौथा कोपरा राहिला होता.

बाईंनी तो ताटलीत घेतला आणि रस्त्यापलीकडे, आपल्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता या तिकडे जाऊन उभ्या उभ्या खाणार. त्या वळल्या आणि त्यांनी ताटली काकाच्या हातात दिली.

काका म्हणाला, "बाई, हा चौथा कोपरा आहे."

"मला मोजता येतं."

"पण हा तर घरच्या माणसाला..."

"मग खा ना. गार होतोय."

काकानं खाल्ला. कुर्रर्र असा आवाज माझ्यापर्यंत आला. चावत राहिला, चावत राहिला, आणि मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तो ते पुसायलासुद्धा थांबला नाही.

"जाड आहे," तो भरल्या तोंडानं म्हणाला.

"आहेच."

"चांगला जाड आहे."

मीही डोळे पुसत होते, पण मला भूकसुद्धा लागली होती. सकाळचे बटाटे सोडले तर पोटात काही नव्हतं. "आणि मला?" मी म्हटलं.

बाईंनी हातगाडीवर न मावलेला शेवटचा ट्रे पुढं ओढला, कोपऱ्यावर पातं टेकवलं आणि म्हणाल्या, "तुला यातला. आता एक कोपरा कसा पुरेल? घरात माणसं वाढलीत."